पहिलं वेल्डिंग मशीन: जीपचा पत्रा आणि शेतातलं लोखंड, एकात भागतं का?

आमच्या कमांडर जीपचा ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा २०१९ च्या पुरानं खाल्ला. गाव आंबेवाडी, कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या काठाला. त्या ऑगस्टात गाडी गोठ्याशेजारी उभी होती आणि पाणी सीटपर्यंत आलं. पाणी उतरल्यावर धुतली, ऑइल बदललं, दोन दिवसांत चालूही झाली. पण मॅटखाली बसलेला गाळ कुणी काढलाच नाही. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, तेव्हा गाडी वेळेत वर काढली, पण गंज काय थांबायला तयार नव्हता. शेवटी गेल्या वर्षी क्लच दाबताना टाच खाली गेली आणि पायाखालून रस्ता दिसला.

डेंटिंगवाल्यानं फ्लोअरचे साडेआठ हजार सांगितले. त्याचं चुकलं असं नाही, पत्र्याचं काम म्हणजे वेळ खाणारं काम. पण त्याच महिन्यात कल्टिवेटरचा फण मोडला, गोठ्याच्या गेटची बिजागरी निखळली, आणि ऊसतोड चालू असल्यामुळं गावातला वेल्डर चार-चार दिवस हाताला लागेना. सीझनमध्ये त्याच्या दारात ट्रॉल्यांची रांग, तिथं माझी बिजागरी कोण बघतंय! तेव्हाच ठरवलं, मशीन आपलंच घ्यायचं.

आधीच सांगतो, मी वेल्डर नाही. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत स्टोअर सांभाळतो, घरचा तीन एकर ऊस आहे. रोज आठ तास वेल्डिंगवर पोट असणाऱ्याला या लेखाचा काही उपयोग नाही. माझ्यासारखा शनिवार-रविवारचा मिस्त्री असेल त्यानं वाचावं.

उद्यमनगरात पहिल्या दुकानात गेलो तर त्यानं एकच विचारलं, "बजेट किती?" मी म्हटलं, सात-आठ हजार. त्यानं जेवणाच्या डब्याएवढं मशीन काउंटरवर ठेवलं. वर आकडा २५०. "साहेब, अडीचशे अँपियर. काय वाट्टेल ते जोडा." गंमत अशी की हेच मशीन माझ्या चुलतभावानं आधीच ऑनलाइन मागवलं होतं आणि त्याच्याकडं दहा नंबरचा रॉड, म्हणजे सव्वातीन एमएमचा, ओढता ओढत नव्हता. दोनदा चिकटायचा, तिसऱ्यांदा पेटायचा. भाऊ स्वतःच्या हाताला दोष देत बसला होता.

दुसऱ्या दुकानातले काका वयस्क, गल्ल्यावर बसूनच चष्म्याच्या वरून बघणारे. त्यांनी मशीन दाखवायच्या आधी तीन प्रश्न टाकले. घरी मीटर सिंगल फेज का थ्री फेज? मीटरपासून जिथं काम करणार तिथवर वायर किती? आणि सगळ्यात पातळ काय जोडणार, सगळ्यात जाड काय? माझ्याकडं एकाचंही नीट उत्तर नव्हतं. मग त्यांनी एक मशीन उलटं केलं आणि मागची पत्र्याची पट्टी दाखवली. "डबड्यावरचा आकडा वाचू नका. हितं वाचा. लाइटीकडनं किती घेतंय ते बघा, मग किती देतंय ते कळतंय."

हा हिशेब इथंच मांडतो, कारण सगळं त्यातच आहे. रॉडनं वेल्डिंग करताना २०० अँपियरला टोकाशी साधारण २८ व्होल्ट लागतात, १०० अँपियरला २४. म्हणजे २०० अँपियर खरोखर द्यायचे तर नुसते बाहेर पडणारेच ५६०० वॅट झाले. आतला लॉस आणि पॉवर फॅक्टर (लाइनीतून जादा ओढला जाणारा करंट) धरला की २३० व्होल्टच्या लाइनवर चाळीसच्या आसपास अँपियर ओढले जातात. आता भावाच्या 'अडीचशे'च्या पट्टीवर इनपुट लिहिलं होतं १६ अँपियर. उलटा हिशेब केला तर ते मशीन नव्वद-शंभरच्या वर जाऊच शकत नाही. डायल अडीचशेपर्यंत फिरतो, डिस्प्लेही अडीचशे दाखवतो, वीज मात्र तेवढी आत येतच नाही. सव्वातीनच्या रॉडला ९० ते १३० अँपियर लागतात, त्यामुळं तो कडेकडेनंच चालणार. भावाला सांगितलं, तुझा हात बरा आहे. अडीच एमएमचा, म्हणजे बारा नंबरचा रॉड लाव. तो ६० ते ९० मध्ये चालतो. तेव्हापासून तेच मशीन त्याला गोड लागतंय.

पट्टीवरची दुसरी गोष्ट टक्क्यांची. माझ्या मशीनवर रॉडसाठी १८० अँपियरला ३५ टक्के आणि १०६ अँपियरला १०० टक्के असं आहे. म्हणजे दहा मिनिटांतली साडेतीन मिनिटं १८० वर जाळायचं, उरलेली साडेसहा पंख्याला द्यायची. १०६ वर मात्र दिवसभर जाळा. घरच्या कामाला ही अडचण वाटत नाही, कारण आपला निम्मा वेळ ग्राइंडर मारण्यात आणि "ते क्लॅम्प कुठं ठेवलं रे" यातच जातो. पण ज्या मशीनवर ही पट्टीच नाही, ते मी फुकटही घेणार नाही.

मग प्रकार कुठला घ्यायचा? चार पर्याय समोर होते.

जुनं ट्रान्सफॉर्मरचं, तांब्याच्या वाइंडिंगचं मशीन. गावातल्या वेल्डरकडं तेच आहे, दोन फेजवर चालतं, चाकावर ओढत न्यावं लागतं. मरत नाही, पण पातळ पत्र्याला अजिबात उपयोगाचं नाही आणि घरच्या सिंगल फेजवर लावायचं नावही काढू नका. गॅस वेल्डिंग, ज्यावर आमच्याकडचे जुने डेंटर अजून पत्रा लावतात. त्यांच्या हाताला सलाम. पण नवख्यानं ॲसिटिलीन आणि ऑक्सिजनच्या दोन टाक्या गोठ्याशेजारी ठेवायच्या, ते काय माझ्या मनाला पटलं नाही. शिवाय गॅसची उष्णता पसरते, पत्रा वाकडा होतो, मग हातोडी-डॉली घेऊन तासभर ठोकत बसा.

तिसरं, नुसतं रॉडचं इन्व्हर्टर मशीन, म्हणजे घरचं बॅटरीचं इन्व्हर्टर नव्हे, आत इलेक्ट्रॉनिक बोर्ड असलेलं हलकं मशीन. चौथं, मिग, म्हणजे गनमधून तार आपोआप पुढं येते आणि वेल्डला हवेपासून वाचवायला गॅस सुटतो ते. आमच्याकडं सगळे त्याला 'सीओटू' म्हणतात, मग टाकीत काही का असेना.

माझी अडचण अशी की काम दोन टोकांचं. जीपच्या फ्लोअरला १८ गेज, म्हणजे १.२ एमएम पत्रा. आजकालच्या गाड्यांचं बॉडी पॅनेल त्याहून पातळ, पाऊण एमएमच्या आसपास. दुसऱ्या टोकाला ट्रॉलीच्या साट्याचे अँगल आणि दहा एमएमच्या प्लेटा. रॉडनं पाऊण एमएम जोडू म्हणणारे वेल्डर आहेत, मी बघितलेतही, पण ते वीस-वीस वर्षं तेच करतायत. माझ्या हातून ६० अँपियरवर अडीचचा रॉड टेकवला की रुपयाएवढं भोक पडतं. उलट मिगची गन घेऊन शेतात गेलो तर वारा गॅस उडवून नेतो आणि वेल्ड आतून भुसभुशीत होतो, शेवयाच्या खिरीसारखा.

म्हणून थ्री-इन-वन घेतलं: मिग, रॉड आणि नावाला टिग. टिग म्हणजे न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकानं जोडायचा प्रकार, तो भाग डोक्यातून काढून टाका. या किमतीतलं टिग टेकवून पेटवायचं असतं, वेगळी गन, वेगळा आरगॉन लागतो, आणि ॲल्युमिनियम त्यावर होत नाही. माझी टिगची पिन अजून प्लास्टिकमध्येच आहे. मशीन मला २४,५०० ला पडलं. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही. काकांच्याच शब्दांत, "आतला बोर्ड तोच, वरचा रंग येगळा" अशी चार नावं बाजारात आहेत. नावापेक्षा मागची पट्टी, एक किलोऐवजी पाच किलोचा तारेचा रोल आत बसतो का, आणि गन काढून दुसरी लावता येते का, हे बघा. एक किलोच्या बारक्या रोलवर किलोमागं तार बरीच महाग पडते आणि ऐन कामात संपते.

काकांच्या दुकानाला मी पाचपैकी चार देईन. त्यांनी मागच्या बोळात नेऊन भंगारातल्या पट्टीवर मला स्वतःला चालवू दिलं, बिल पक्कं दिलं, आणि मी मागितलेलं दोन हजाराचं हेल्मेट न देता बाराशेचं दिलं. एक गुण कापला, त्याचं कारण खाली येईलच.

घरी आणल्यावर पहिलं काम लायटीचं. माझ्या मशीनचं जास्तीत जास्त इनपुट ३६ अँपियर आहे. ते एसीच्या सॉकेटवर लावून पूर्ण जोरात चालवलं तर आधी एमसीबी पडणार, नाही पडला तर सॉकेट वितळणार. वायरमननं मीटरपासून गोठ्यापर्यंत चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि वेगळा ३२ चा एमसीबी टाकला, आणि मी घरच्या लाइनवर १२० च्या वर जात नाही. वायरीचं महत्त्व मला आधी पटलेलं नव्हतं. तीस मीटर लांब एक स्क्वेअरच्या वायरीतनं २० अँपियर ओढले तर जाता-येता मिळून २२ व्होल्ट वाटेतच जातात. चार स्क्वेअरमध्ये साडेपाच. आमच्याकडं रात्री आसपासच्या मोटारी चालू झाल्या की आधीच १९० दाखवतं. त्यातले अजून २२ गेले तर मशीन पिवळा दिवा लावून गप्प बसतं. आणि एक्स्टेन्शनची वायर गुंडाळलेली ठेवून काम करू नका. माझ्या एका शेजाऱ्याचं रीळ आतून चिकटून त्याची लापशी झाली.

आता तारेचा पहिला दिवस. सोबत गॅसशिवाय चालणारी तार आली होती, जिच्या पोटात पावडर असते. टाकी अजून आणली नव्हती, म्हटलं हिच्यावर हात बसवू. झाकण उघडलं, रोल बसवला, पट्टीवर गन टेकवली आणि दिवाळी सुरू झाली! ठिणग्या एवढ्या की माझा मुलगा अंगणातून टाळ्या वाजवायला लागला. वेल्ड म्हणजे पट्टीवर वाळलेल्या शेणाचे ठिपके. दोन तास व्होल्ट वर-खाली केले. शेवटी काकांना फोन लावला. ते हसले आणि म्हणाले, "झाकणाच्या आत बघा, दोन बोल्टांवर पत्र्याची पट्टी हाय का?" होती. गॅसच्या साध्या तारेला गन पॉझिटिव्हला लागते, पावडरच्या तारेला निगेटिव्हला. ते उलटंपालटं करायची सोय झाकणाआड असते आणि मॅन्युअलमध्ये त्यावर एक ओळ, तीही चिनी वळणाच्या इंग्रजीत. पट्टी फिरवल्यावर तीच तार कढईत भजी सोडल्यासारखी एका लयीत चरचरायला लागली. तो आवाज एकदा कानात बसला की व्होल्टचा आकडा बघावा लागत नाही.

अजून एक चूक. तार ढकलणाऱ्या चाकाला दोन खाचा असतात, एक ०.८ ची, एक १.० ची. कंपनीनं १.० ची खाच लावून पाठवलं होतं आणि माझी तार ०.८ ची. तार घसरायची, म्हणून मी स्क्रू आवळला, तर ती चाकापाशीच गोळा झाली आणि आत नुसता गुंता! अर्धा मीटर तार तोडून टाकली, चाक उलटं केलं, गनच्या टोकाची तांब्याची टिपही ०.८ ची घातली. त्या दिवसानंतर तिथं अडलेलो नाही.

गॅसची टाकी शिरोलीतून डिपॉझिट भरून आणली, सात किलो सीओटूची. पातळ पत्र्याला आरगॉन ८० आणि सीओटू २० असं मिश्रण जास्त छान चालतं, ठिणग्या कमी, पत्रा कमी जळतो. पण ते महाग, आणि माझ्या १.२ एमएमला साध्या सीओटूनं भागलं. मिनिटाला दहा लिटर ठेवतो. एक किलोतून पाचशेच्या वर लिटर गॅस निघतो, म्हणजे सात किलोत सहा तासांच्या आसपास नुसतं जाळणं. पंधरा दिवसांत दोन रविवार काम करणाऱ्याला ते महिनोन्‌महिने पुरतं. यात एक फसगत आहे. सीओटू टाकीत पातळ रूपात असतो, त्यामुळं वरच्या घड्याळातला काटा टाकी संपत येईपर्यंत हलतच नाही. भरलेली म्हणून विसंबलो आणि फ्लोअरच्या शेवटच्या वीतभर शिवणीत गॅस संपला, अख्खी ओळ भोकाभोकाची. आता मी टाकी घेऊन शेजारच्या गुऱ्हाळावर जातो आणि गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, तोलायच्या काट्यावर ठेवतो. रिकाम्या टाकीचं वजन गळ्यावर कोरलेलं असतं, ते वजा केलं की उरलेला गॅस कळतो. गुळव्या मला बघितलं की विचारतो, "काय ओ, आज किती रव्याचा गॅस?"

फ्लोअरचं काम तीन रविवार चाललं. सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. कमांडरमध्ये कॉम्प्युटर नाही, पण अल्टरनेटरचे डायोड आहेत, आणि नव्या गाडीत तर ईसीयू उडाला की मशीनच्या किमतीहून जास्त जातील. डिझेलच्या पाइपा त्याच बाजूनं जातात, त्या बाजूला करून ओलं पोतं झाकलं. मग ग्राइंडरनं कापायला सुरुवात केली आणि कळलं, वरून ताटाएवढं दिसणारं भोक आतून परातीएवढं आहे. गंजलेल्या पत्र्यावर वेल्ड लागतच नाही, तो मागं-मागं सरकतो. चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापावंच लागतं.

नवा पत्रा पुठ्ठ्यावर माप काढून कापला. कडेला एक-एक इंचावर टाके मारले, पण ओळीनं नाही. एक इथं, पुढचा समोरच्या कोपऱ्यात, मग मधे, असं उड्या मारत. दोन टाक्यांमधे हात लावून बघायचं, चटका बसला तर थांबायचं. पहिल्या रविवारी मी घाई केली आणि पत्रा मधोमध पापडासारखा फुगला. आमच्या ओळखीचे एक जुने डेंटर मिस्त्री संध्याकाळी चहाला आले होते, त्यांनी बोटानं दाबून टक्-टक् केलं. "मालक, हा पत्रा आता बोलायला लागला." मग त्यांनीच युक्ती सांगितली: जुन्या फ्रिजच्या तांब्याच्या पाइपचा तुकडा ठोकून चपटा करायचा आणि वेल्डच्या मागं धरायचा. तांब्याला लोखंड चिकटत नाही आणि उष्णता तांबं ओढून घेतं. त्या पट्टीनं माझी निम्मी भोकं वाचवली. जिथं पत्रा खालच्या चॅनेलवर बसतो तिथं सात एमएमची भोकं पाडून ती तारेनं भरली, कंपनीच्या मूळ स्पॉट वेल्डसारखी. १७ व्होल्ट, ७० अँपियरच्या आसपास, हे माझ्या मशीनवर जमलं. तुमच्यावर थोडं इकडं-तिकडं होईल. चेसिसला मात्र हात लावलेला नाही. चेसिसवर आपल्या हौसेचं वेल्डिंग नको.

रॉडच्या बाजूचं सांगायचं तर मशीनचा हा भाग मला मिगपेक्षा जास्त आवडला. ६०१३ म्हणजे नेहमीचा साधा रॉड, त्याचा बारा नंबर आणि दहा नंबर, एवढ्या दोन पाकिटांवर गोठ्याचं गेट, कल्टिवेटरचे क्लॅम्प, पाण्याच्या टाकीचा स्टँड, साट्याचे अँगल झाले. ७०१८ चा रॉड ताकदीला वरचढ, पण तो दमट झाला की कामाचा राहत नाही. त्याला तीनशे-साडेतीनशे डिग्रीला भाजावं लागतं आणि आपल्या जूनच्या पावसात उघडं पाकीट म्हणजे पाण्यात घातलेली बिस्किटं. मी एकच छोटं पाकीट झाकणाच्या डब्यात ठेवलंय. ट्रॉलीचा हूक आणि दांडी मी स्वतः करत नाही. त्यामागं उसानं भरलेली ट्रॉली असते आणि पुढं-मागं दुचाकीवरची पोरं. ते काम आमच्या वेल्डरचंच. रोटाव्हेटरची पातीही जोडत नाही. ती कडक पाण्याची असतात, वेल्डशेजारीच तुटतात आणि गोळीसारखी उडतात. नवीन घालावी.

आता लाजेची गोष्ट. मोटारीच्या पंपाच्या केसिंगला तडा गेला. केसिंग बिडाचं. मी फाउंड्रीत काम करतो, दिवसभर बीडच बघतो, तरी मोह झाला. ६०१३ लावला, शिवण सुरेख दिसली. चहा घेऊन येईपर्यंत 'टिंग' असा बारीक आवाज आला आणि तडा वेल्डच्या बाजूनं अजून दोन इंच पुढं गेला. सोमवारी कामावर सांगितलं तर मोल्डिंगची पोरं पोट धरून हसली. बिडाला निकेलचा रॉड लागतो, इंच-इंच मारून हलकं ठोकत जायचं आणि राखेत पुरून हळूहळू गार करायचं. निकेलचा एक-एक रॉड एवढा महाग की नवीन केसिंगच आणलं.

गोठ्यासाठी जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेले, पाइप जोडले तेव्हा पांढरा धूर निघाला आणि तोंडाला गोडसर चव आली. रात्री हुडहुडी भरली, अंग मोडून आलं, बायकोला वाटलं मलेरिया. सकाळी उतरलं. ते जस्ताच्या धुराचं होतं. सगळे म्हणाले दूध पी. कोल्हापुरात कशावरही दूधच सांगतात आणि मी गंगावेशला कट्ट्यावर जाऊन प्यायलोही, पण त्यानं जस्त उतरत नाही. आता जोडायच्या जागेवरचं जस्त आधी ग्राइंडरनं काढतो आणि वाऱ्याकडं पाठ न करता आडवा उभा राहतो, म्हणजे धूर बाजूनं जातो. शेतात काम असलं तर पाचट दूर ओढायचं, दोन घागरी पाणी शेजारी आणि काम झाल्यावर अर्धा तास तिथून हलायचं नाही. पाचटात पडलेली ठिणगी तुम्ही घरी पोचल्यावर पेटते. आणि अर्थिंगचा चिमटा जिथं जोडताय तिथंच लावा. चाकाच्या एका बाजूला चिमटा आणि दुसऱ्या बाजूला रॉड, असं केलं तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग बाद होतं. हे मला आमच्या वेल्डरनं सांगितलं, नाहीतर मी ते करणारच होतो.

काकांच्या दुकानाचा कापलेला गुण: पाचव्या महिन्यात मशीनचा पंखा थांबला. वॉरंटी वर्षाची. काकांनी मशीन घेतलं, "आठवड्यात देतो" म्हणाले आणि एकवीस दिवस लागले. बोर्ड बाहेरगावी जातो, इथं कुणी उघडत नाही, हे विकताना सांगायला पाहिजे होतं. मधल्या काळात भावाच्या त्या 'अडीचशे'नं माझा गोठा सावरला. परत आल्यापासून दर महिन्याला झाकण काढून हवा मारतो. आत ग्राइंडरची काळी धूळ बसते आणि ती लोखंडाचीच असल्यामुळं बोर्डावर शॉर्ट करते.

कुणी विचारलं काय घेऊ, तर मी आधी घरात पत्र्याचं काम किती निघणार ते विचारतो. गाडी नसेल, नुसतं गेट-अवजारं असतील, तर मिगच्या नादाला लागू नका. पट्टीवर तीस अँपियरच्या वर इनपुट लिहिलेलं नुसतं रॉडचं इन्व्हर्टर घ्या, उरलेल्या पैशात चार इंची चांगला ग्राइंडर आणि ९ ते १३ शेडचं आपोआप काळं होणारं हेल्मेट. माझ्या भावानं पहिल्या आठवड्यात हातातली काच बाजूला धरून टाके मारले आणि रात्रभर डोळ्यांत वाळू भरल्यासारखा तळमळला. गंजकी जुनी गाडी दारात असेल तरच थ्री-इन-वन, आणि त्यात टाकीचं डिपॉझिट, रेग्युलेटर, पाच किलो तार असे सहा-सात हजार वेगळे धरा. दुकानदार ते आधी सांगत नाही.

परवाच्या पावसात जीपची मॅट उचलून बघितली. नवा पत्रा कोरडा, प्रायमर शाबूत. फक्त क्लचच्या मागच्या कोपऱ्यात बोटभर ओल होती, गॅस संपला होता त्याच शिवणीवर. ती मी पुट्टीनं झाकली होती. दिवाळीनंतर परत कापणार आहे.